न्यूयॉर्क किती तासांवर आहे?

मुलगा किंवा मुलगी न्यूजर्सीला असलेल्या घरी पाहुणे आले की एक प्रश्न हमखास निघतो. "विमानाला किती तास लागतात हो?" उत्तरे मात्र एकाच घरातून तीन येतात. आई म्हणते, अख्खा दिवस मोडतो. वडिलांनी तिकीट नीट वाचलेले असते. ते सांगतात, मध्यरात्री एकला निघायचे आणि तिथल्या सकाळी साडेसहाला उतरायचे. जो स्वतः जाऊन आला आहे तो म्हणतो, जाताना सोळा आणि येताना साडेचौदा. तिघेही आपापल्या परीने खरेच सांगत असतात.

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळतो, हे आपण शाळेतच शिकलो. त्याच रीतीने मुंबई ते न्यूयॉर्क हे उदाहरण सोडवू. अंतर साडेबारा हजार किलोमीटरांच्या किंचित वर. बोइंग ७७७ सारखे विमान उंची गाठल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते. भागाकार येतो चौदा तास. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, चढणे, उतरणे यांचा अर्धा तास धरला की साडेचौदा. येतानाचा आकडा जुळला! (तो योगायोगाने जुळला आहे, हे पुढे कळेलच.) मग जातानाचा जादा दीड तास आला कुठून? दोन्ही शहरे जागची हललेली नाहीत आणि विमानही तेच आहे.

आधी ते साडेबारा हजार किलोमीटर कुठले, ते पाहू. घरात पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरा आणि दुसरे टोक न्यूयॉर्कपर्यंत ताणून घट्ट ओढा. ताणला की दोरा घसरतो आणि आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर येऊन बसतो. ही वाट पाहून पहिल्यांदा बहुतेक जण चक्रावतात. अमेरिका पश्चिमेला आहे, असे आपण समजून चालतो, पण मुंबईतून निघालेला दोरा पश्चिमेला जातच नाही. तो जवळजवळ उत्तरेला तोंड करून निघतो आणि पश्चिमेकडे जेमतेम २७ अंश झुकतो. कच्छच्या रणावरून तो सिंधमध्ये शिरतो, मोहेंजोदडो आणि कंदाहार यांच्या जवळून जातो आणि तुर्कमेनिस्तान, पश्चिम कझाकस्तान करत थेट मॉस्कोच्या डोक्यावर येतो. तिथून हेलसिंकी, मग नॉर्वेतले ट्रॉन्डहाइम. आइसलंडच्या अलीकडे समुद्रावर तो सर्वांत उत्तरेकडचा बिंदू गाठतो. तिथे अक्षांश जवळजवळ ६५, म्हणजे उत्तर ध्रुववृत्त दोनेक अंशांवर राहते. पुढे आइसलंड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, लॅब्राडोरचा किनारा, आणि मग उतरणीला लागल्यासारखा दोरा कॅनडातून न्यूयॉर्कला येतो.

आता भिंतीवरचा नकाशा घ्या आणि पट्टी लावून त्याच दोन शहरांना जोडणारी रेघ मारा. ही रेघ ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जीरिया करत मोरोक्कोतल्या माराकेशजवळून अटलांटिकवर पडते. बघताना हीच वाट सरळ वाटते. पण मोजली तर ती भरते सुमारे १४,२०० किलोमीटर. दोऱ्यापेक्षा सतराशे किलोमीटर जास्त, म्हणजे जवळजवळ दोन तासांचे उड्डाण फुकट. दोष पट्टीचा नाही, नकाशाचा आहे. शाळांच्या भिंतींवर वर्षानुवर्षे टांगलेला हा नकाशा मर्केटरने १५६९ साली आखला, आणि तो आखला दर्यावर्दींसाठी. होकायंत्राची दिशा न बदलता जहाज हाकले तर ते ज्या वाटेने जाईल ती वाट या नकाशावर सरळ दिसते. खलाशांची त्याने मोठी सोय झाली, पण त्यापायी ध्रुवाकडचे प्रदेश बेसुमार फुगले. ग्रीनलंड त्यात आफ्रिकेएवढे दिसते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. उत्तरेकडची वाट नकाशावर लांबलचक कमान वाटते ती याच फुगवट्यामुळे.

दोऱ्याच्या या वाटेला गणितात बृहद्वृत्त म्हणतात. तिची लांबी काढायला दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश आणि थोडी गोलीय त्रिकोणमिती पुरते. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिले तर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यात ११२.७ अंशांचा कोन होतो. त्याला ६० ने गुणा, ६,७६२ नॉटिकल मैल मिळतात. वैमानिक आणि खलाशी अजूनही हाच मैल वापरतात, त्याचे कारण हे सोपे गणित आहे: एक नॉटिकल मैल म्हणजे पृथ्वीच्या परिघावरची एक कला, अंशाचा साठावा भाग. तो १.८५२ किलोमीटरचा. गुणाकार केला की आपले साडेबारा हजार हाती येतात. पृथ्वी ध्रुवांपाशी थोडी चपटी असल्याने चार-दोन दशक किलोमीटर इकडेतिकडे होतात, तेवढे सोडून द्यावेत. इंटरनेटवर दोन शहरांची नावे टाकली की जे अंतर झळकते ते बहुतेक वेळा हेच असते.

पण या वाटेने कुठलेही विमान जसेच्या तसे जात नाही. दोऱ्याची लांबी ही किमान मर्यादा आहे. तिच्यावर किती किलोमीटर वाढवायचे ते वारा ठरवतो आणि माणसे ठरवतात.

वाऱ्याचे आधी. विमान हवेत चालते, जमिनीवर नव्हे, ही गोष्ट बोलायला सोपी असली तरी मनात मुरायला वेळ लागतो. कोकणात खाडी ओलांडणारा तांडेल ओहोटीच्या वेळी समोरच्या धक्क्याकडे नाक करून होडी हाकत नाही. पाणीही आपल्याला वाहून नेणार, हे तो हिशेबात धरतो. विमानाचा ९०० किलोमीटरचा वेग हा भोवतालच्या हवेतला वेग. ती हवाच ताशी दीडशे किलोमीटरने मागून ढकलत असेल तर जमिनीवरच्या माणसाच्या लेखी विमान १,०५० ने चालले आहे. समोरून येत असेल तर ७५० ने.

आणि दहा-बारा किलोमीटर उंचीवरची हवा कधीच स्वस्थ नसते. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची गारठलेली. या तफावतीमुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे मधल्या अक्षांशांवर वाऱ्याचे अरुंद, वेगवान पट्टे तयार होतात. तेच जेट प्रवाह. ते पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात, तफावत वाढली की, जोर धरतात. त्यांचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला जपानच्या वासाबुरो ओइशी यांनी. १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून त्यांनी वरच्या वाऱ्यांच्या नोंदी घेतल्या आणि सगळ्या जगाला वाचता यावे म्हणून अहवाल लिहिला एस्पेरांतो भाषेत. साहजिकच तो फारसा कोणी वाचला नाही. १९४४ साली अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमाने जपानवर उंचावरून जाऊ लागली तेव्हा त्यांच्या वैमानिकांना हा वारा प्रत्यक्ष भेटला.

हाच वारा पाठीशी असला तर काय होते ते ८-९ फेब्रुवारी २०२० च्या रात्री दिसले. कियारा वादळाच्या वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचे एक ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. वाटेत त्याचा जमिनीसापेक्ष वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. वर्तमानपत्रांनी ध्वनीच्या वेगाशी तुलना केली, पण ध्वनीचा वेग काही ओलांडला गेला नव्हता. हवेच्या हिशेबात विमान नेहमीच्याच चालीने चालले होते.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिकवरून जाई. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने त्याला उलट, पूर्वेला, पॅसिफिकवरून पाठवले. वाट झाली सुमारे १५,३०० किलोमीटर, तेव्हाच्या नियमित विनाथांबा उड्डाणांतली सर्वांत लांब. चौदाशे किलोमीटर वाढले आणि प्रवास दोनेक तासांनी कमी झाला! साडेचौदा तासांत विमान सॅन फ्रान्सिस्कोला टेकले, कारण आता जेट प्रवाह पाठीमागून होता. शाळेतल्या उदाहरणात असे उत्तर आले असते तर गुरुजींनी वही परत दिली असती.

म्हणून उड्डाणाची आखणी करणारा माणूस नकाशावर वाट शोधत नाही, वाऱ्यात शोधतो. उड्डाणाच्या काही तास आधी उंचीगणिक वाऱ्याचे अंदाज घेऊन त्या दिवसापुरती वाट ठरते. कालची वाट आज असेलच असे नाही. उत्तर अटलांटिकवर तर आयर्लंड-स्कॉटलंडकडचे आणि कॅनडातले गँडर इथले नियंत्रण मिळून रोज नव्या वाटा जाहीर करतात. पश्चिमेकडे जाणाऱ्यांच्या वेगळ्या, वाऱ्याला चुकवणाऱ्या. पूर्वेकडे येणाऱ्यांच्या वेगळ्या, वाऱ्यावर बसणाऱ्या.

एक शंका इथे येते. जाताना वाऱ्याने जे हिरावले ते येताना परत मिळतेच ना, मग फिट्टंफाट झाली? नाही होत. १२,६०० किलोमीटरची वाट आणि ताशी १०० किलोमीटरचा वारा घ्या. वारा नसता तर १४ आणि १४ मिळून २८ तास. वाऱ्याविरुद्ध ८०० च्या वेगाने लागतात १५ तास ४५ मिनिटे. वाऱ्यासंगे १,००० च्या वेगाने १२ तास ३६ मिनिटे. बेरीज २८ तास २१ मिनिटे. उलटा वारा तुम्हाला जास्त वेळ छळतो आणि सुलटा कमी वेळ साथ देतो, म्हणून जाऊन-येऊन नेहमी तोटाच. विमान कंपन्यांच्या इंधनखर्चात हा तोटा धरलेला असतो.

आता माणसांचे. आकाशात रेघा नसतात असे कवी म्हणोत, वैमानिकाला त्या पक्क्या ठाऊक असतात. १९४४ च्या शिकागो कराराने मान्य केले की प्रत्येक देशाची त्याच्या भूमीवरच्या हवेवर पूर्ण सत्ता आहे. वरून जायचे तर परवानगी हवी आणि भाडेही मोजायला हवे. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत युनियनने आपले आकाश पाश्चात्य विमानांना जवळपास बंद ठेवले होते. युरोपातून जपानला जाणारी विमाने तेव्हा ध्रुवाकडून वळसा घालून अलास्कातल्या अँकरेजला इंधन भरायला उतरत. १ सप्टेंबर १९८३ रोजी अँकरेजहून सोलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले; २६९ माणसे गेली. रेघ ओलांडण्याची याहून मोठी किंमत प्रवासी विमानाने क्वचितच मोजली असेल.

पुढे रशियाचे आकाश उघडले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये, युक्रेनवरच्या आक्रमणानंतर, युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना ते पुन्हा बंद झाले. फिनलंडच्या फिनएअरचे हेलसिंकी–टोकियो उड्डाण नऊ-साडेनऊ तासांचे होते, ते एकदम तेरा तासांवर गेले. आपल्या दोऱ्यावर या बंदीचा परिणाम काय, ते वेगळे सांगायला नको. तो मॉस्कोवरूनच जातो. अमेरिकेच्या युनायटेड एअरलाइन्सने त्या मार्चमध्ये नेवार्क–मुंबई आणि सॅन फ्रान्सिस्को–दिल्ली या सेवा थांबवल्या. एअर इंडियाला मात्र रशियाने अडवले नाही. अमेरिकी कंपन्या कुरकुरल्या, आणि त्यांची बाजू पटण्यासारखी होती: स्पर्धा विमानांची असताना निकाल परराष्ट्र खात्यांनी लावला.

पण या सवलतीलाही दुसरी बाजू होती. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या ७७७ च्या एका इंजिनात बिघाड झाला आणि ते रशियाच्या अतिपूर्वेला मगदान इथे उतरवावे लागले. विमानात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी. मगदान हे ओखोत्स्क समुद्राकाठचे छोटे शहर, स्टालिनच्या काळात छळछावण्यांचे प्रवेशद्वार म्हणून कुप्रसिद्ध झालेले. अचानक आलेल्या एवढ्या पाहुण्यांची तिथे मिळेल त्या जागी सोय करावी लागली. मुंबईहून दुसरे विमान पाठवले गेले आणि ८ जूनला प्रवासी पुढे निघाले. साडेपंधरा-सोळा तासांचा प्रवास त्यांना दोन दिवसांवर पडला.

शेजारच्या रेघेची कथा तर आपण वर्तमानपत्रांत वाचतच आलो आहोत. बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर २७ फेब्रुवारी २०१९ पासून १६ जुलैपर्यंत पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद ठेवली. एअर इंडियाची अमेरिकेला जाणारी विमाने लांबच्या वाटेने जाऊ लागली आणि व्हिएन्नाला थांबू लागली. २ जुलैपर्यंत एअर इंडियाचे ४९१ कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. पहलगाम हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ पासून, तेच पुन्हा घडले आणि बंदीची मुदत महिन्यामहिन्याने वाढत गेली. याचा खरा फटका दिल्लीला बसतो. दिल्लीतून पश्चिमेला निघालेल्या विमानाला आधी दक्षिणेला, गुजरातच्या समुद्रापर्यंत उतरावे लागते. मुंबईच्या विमानाला समुद्र दारातच आहे; ते अरबी समुद्रावरून ओमानकडे निघते. मुंबईकरांना आपल्या शहराच्या भूगोलाचा असा फायदा रोज मिळत नाही.

वळसा घातला की तास वाढतात, एवढेच असते तर फार बिघडले नसते. प्रश्न टाकीचा असतो. एअर इंडियाने १ ऑगस्ट २००७ रोजी मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू केली ती बोइंग ७७७-२००एलआर या लांब पल्ल्याच्या विमानावर. त्याच्या टाक्यांत एक लाख एक्क्याऐंशी हजार लिटर इंधन मावते. वजन सुमारे १४५ टन. पूर्ण भरलेल्या विमानाचे उड्डाणावेळचे वजन जास्तीत जास्त ३४७ टन चालते. म्हणजे विमान, माणसे, सामान, जेवणाचे डबे हे सगळे एकीकडे आणि चाळीस टक्क्यांहून जास्त नुसते इंधन. यातले बरेच इंधन उरलेले इंधन वाहून नेण्यातच जळते. बाराव्या तासाला लागणारे रॉकेल बारा तास आकाशात वागवावे लागते. त्यामुळे एका हद्दीपलीकडे दर जादा तासामागे प्रवासी किंवा माल खाली ठेवावा लागतो. व्हिएन्नाचा थांबा त्यातूनच येतो: वेळ जातो, विमानतळाचे भाडे पडते, पण अर्धी रिकामी आसने घेऊन उडण्यापेक्षा तो परवडतो.

हे विमान कुठवर जाऊ शकते, हे बोइंगने नोव्हेंबर २००५ मध्ये दाखवले होते. हाँगकाँगहून लंडनला जवळच्या वाटेने न जाता ते उलट्या दिशेने, पॅसिफिक, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून गेले. २१,६०२ किलोमीटर, २२ तास ४२ मिनिटे. अर्थात त्यात जेमतेम पस्तीस माणसे होती. तिकिटे विकून असा विक्रम करता येत नाही. सिंगापूर एअरलाइन्सला हे नीट माहीत आहे. सिंगापूर ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ, १५,३०० किलोमीटरांहून जास्त आणि अठरा तासांच्या वर, ही जगातली सर्वांत लांब नियमित सेवा ती चालवते. त्यासाठीच्या एअरबस ए३५०-९००यूएलआर विमानात जागा फक्त १६१, आणि साधा इकॉनॉमी वर्ग मुळीच नाही. त्याआधीची चार इंजिनांची विमाने तिने २०१३ मध्ये बंद केली होती, कारण इंधनाचे बिल परवडेना.

थांबे ही आज गैरसोय वाटते. एकेकाळी तोच प्रवास होता. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि लिव्हरपूलमार्गे ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांची मुलगी, सोबत नात्यातले कोणी नाही आणि जवळजवळ दोन महिने पाण्यावर. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टलेशन विमान मुंबईहून लंडनला निघाले तेव्हा कैरो आणि जिनिव्हा हे दोन थांबे होते. न्यूयॉर्कला एअर इंडिया पोहोचली मे १९६० मध्ये, बोइंग ७०७ घेऊन, लंडनमार्गे. तिथून विनाथांबा व्हायला आणखी ४७ वर्षे लागली. या साऱ्या काळात मात्र वेग वाढलेला नाही. १९६० चे ७०७ आणि आजचे ७७७ जवळपास सारख्याच वेगाने उडतात. वाचला तो सगळा वेळ थांब्यांचा. सोळा तास वैमानिकांच्या दोन जोड्या आळीपाळीने विमान चालवतात आणि उरलेले दोघे प्रवाशांना न दिसणाऱ्या छोट्या कप्प्यात झोपतात, हीही या विनाथांब्याचीच किंमत.

आता वडिलांच्या तिकिटाकडे वळू. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. भारताचे घड्याळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. न्यूयॉर्कचे हिवाळ्यात पाच तास मागे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते एक तास पुढे सरकवतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत आणतात. म्हणजे आपल्यातले अंतर हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ. (मुंबईनेही घड्याळाच्या बाबतीत पुष्कळ हट्ट केला आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, तरी 'बॉम्बे टाइम' तिच्या ३९ मिनिटे मागे राहून १९५५ पर्यंत इथे तग धरून होता.)

समजा, हिवाळ्यात मुंबईहून विमान रात्री १ वाजता सुटते आणि न्यूयॉर्कला त्याच दिवशी सकाळी साडेसहाला उतरते. घड्याळांतला फरक साडेपाच तास. परतीचे न्यूयॉर्कहून सकाळी ११ ला सुटते आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला येते. फरक पंचवीस तास. दोन्ही आकडे फसवे, पण त्यांची बेरीज खरी असते. साडेपाच आणि पंचवीस मिळून साडेतीस, म्हणजेच सोळा अधिक साडेचौदा. जाताना घड्याळाने जेवढे चोरले तेवढेच येताना परत ठेवले, म्हणून बेरजेत ते उरत नाही. कुठल्याही दोन शहरांची दोन्ही बाजूंची तिकिटे घ्या, फरकांची बेरीज करा, तिचा अर्धा करा: सरासरी उड्डाणाचा वेळ मिळेल, रेखांशाचे काही न कळताही. फक्त मधल्या काळात घड्याळ सरकवलेले नसावे.

येतानाचे साडेचौदा सुरुवातीच्या भागाकाराशी जुळले होते, त्याचा उलगडाही आता होतो. खरी वाट दोऱ्याहून बरीच लांब असते. मागच्या वाऱ्याने ती लांबी भरून काढली. जाताना तीच लांबी आणि वर समोरचा वारा, म्हणून दीड तास जादा. शिवाय वेळापत्रकातला वेळ हा चाकाखालचे अडसर काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा असतो. मुंबईच्या धावपट्टीसमोरची रांग आणि न्यूयॉर्कवरच्या घिरट्या त्यात आधीच धरलेल्या असतात. "वेळेआधी पोहोचलो" अशी घोषणा होते तेव्हा बरेचदा ही शिल्लक वापरलेली नसते, एवढेच.

तिकीट काढताना तीन गोष्टी बघा. 'डायरेक्ट' लिहिले म्हणून विमान मध्ये थांबणार नाही असे समजू नका. उड्डाण क्रमांक न बदलता थांबणाऱ्या विमानालाही तेच म्हणतात, विनाथांबा हवे असेल तर 'नॉन-स्टॉप' शब्द शोधा. पुढचे विमान पकडायचे असेल तर डिसेंबर-जानेवारीत पश्चिमेला जाताना मध्ये तास-दोन तास जास्त ठेवा, कारण वारा तेव्हा जोरात असतो. आणि तिसरी गोष्ट तारखेची. अमेरिकेची बरीच विमाने मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख आणि ००:४५ असे छापले असेल तर घरून ११ तारखेच्या संध्याकाळी निघायचे, नऊच्या आत विमानतळावर असायचे. १२ च्या रात्री नऊला बॅगा घेऊन तिथे गेलात तर तुमचे विमान न्यूयॉर्कला उतरून चार तास झालेले असतील आणि परतीचे प्रवासी त्यात चढत असतील.